अस्तराची गोष्ट: नाळेतून आलेल्या पेशी

हार्ट अटॅक, पक्षाघात आणि डायबेटिसमुळे अधू झालेली नजर. आपल्या घरात नाहीतर शेजारात यातलं एक तरी दुखणं असतंच. तिन्हींचे डॉक्टर वेगळे, फायली वेगळ्या, गोळ्या वेगळ्या. पण तिन्हींचा धागा एका ठिकाणी येऊन मिळतो, तो म्हणजे रक्तवाहिनीचं आतलं अस्तर. कोटाला असतं तसंच अस्तर, फक्त एका पेशीच्या थराइतकं पातळ. हृदयापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जिथे जिथे रक्त वाहतं तिथे ते असतं. शास्त्रीय नाव एंडोथेलियम.

हे अस्तर नेमकं करतं काय, हे माणसाला खऱ्या अर्थाने कळायला लागलं ते गेल्या पन्नासेक वर्षांत. आणि त्यात मोठा वाटा आहे बाळंतपणानंतर फेकून दिल्या जाणाऱ्या नाळेचा. त्याची ही हकीकत. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

थोडं मागे जाऊ. रक्त शरीरात गोल फिरतं हे विल्यम हार्वेने १६२८ मध्ये मांडलं. पण धमनीतून निघालेलं रक्त शिरेत पोचतं कसं, हे त्याला दिसलं नव्हतं, कारण मधल्या केशवाहिन्या साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. १६६१ मध्ये मार्सेलो मालपिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या. एंडोथेलियम हा शब्द आला त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८६५ मध्ये, स्विस शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस याच्याकडून. नाव मिळालं, पण मान नाही मिळाला. पुढची कितीतरी वर्षं समज असा की नळाला आतून गुळगुळीत थर असावा तसं हे काहीतरी आहे. रक्त गळू नये, चिकटू नये, एवढंच त्याचं काम. पेनिसिलिनवाले हॉवर्ड फ्लोरी यांनी १९६६ मध्ये या जुन्या समजुतीची गंमत करताना अस्तराला सेलोफेन कागदाची उपमा दिली होती. मिठाईच्या पुड्याला गुंडाळतात तो कागद. फक्त याला मध्ये मध्ये पेशीची केंद्रकं चिकटलेली.

आता, हा समज इतका टिकला का? कारण अस्तर जिवंत असताना कुणी नीट पाहिलंच नव्हतं. मेलेल्या शरीरातून रक्तवाहिनी काढली की हा थर झटकन खराब होतो, गळून पडतो. जरा घासलं तरी जातो. ही पेशी काय बनवते, कशाला प्रतिसाद देते, हे नीट वेगळं काढून तपासायचं तर तिला शरीराबाहेर एकटीला जगवायला हवं. तिथेच घोडं अडलं होतं.

शरीराबाहेर पेशी वाढवण्याचा नाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव अलेक्सिस कॅरल. हा मूळचा सर्जन. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना लिआँ शहरात कुणीतरी भोसकलं आणि मोठी रक्तवाहिनी तुटल्यामुळे ते गेले, कारण तुटलेली वाहिनी शिवायची कला तेव्हा कुणाकडे नव्हती. कॅरल लिआँचाच. त्याने भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक टाके शिकून घेतले आणि रक्तवाहिन्या शिवण्याची पद्धत बसवली. १९१२ चं नोबेल त्यालाच. त्याच वर्षी त्याने कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा काचेच्या भांड्यात वाढवायला घेतला आणि तो पुढे ३४ वर्षं जिवंत ठेवल्याचं सांगितलं गेलं. पेशी अमर असतात असा जगभर डंका झाला. पुढे १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिलं की माणसाच्या साध्या पेशी ठरावीक वेळा विभागतात आणि मग थांबतात. कॅरलच्या भांड्यात खाद्याबरोबर दर वेळी ताज्या पेशी जात असाव्यात, असा संशय आजही घेतला जातो. असो. पण भांड्यात जे वाढतंय ते नक्की काय आहे, हा प्रश्न लक्षात ठेवा. या सगळ्या कथेचा कणा तोच आहे.

अस्तराच्या पेशी वाढवायचे प्रयत्न झाले, नाही असं नाही. १९६३ मध्ये मारुयामा या संशोधकाने नाळेच्या शिरेतून ट्रिप्सिन वापरून पेशी सुट्या केल्या होत्या. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम. पण अशा पद्धतीत एक अडचण कायम यायची. रक्तवाहिनीची भिंत फक्त अस्तराची नसते, बाहेर स्नायूच्या पेशी असतात, त्याबाहेर जोडऊती असते. एन्झाइमने जरा जास्त खोल ओरबाडलं की या पेशीही निघून येतात. आणि त्या वाढतात तणासारख्या. ज्याने शेत पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. पेरलं एक, उगवलं दुसरंच, आणि आठवड्याभरात मूळ पीक गुदमरलेलं. बरं, तण ओळखता तरी येतं. इथे ताटलीत वाढणारी पेशी अस्तराची की स्नायूची हे नजरेने छातीठोक सांगणं अवघड.

मग येतं १९७३. न्यूयॉर्कचं कॉर्नेल विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज. एरिक जाफी आणि राल्फ नॅकमन हे रक्तविकारांचे अभ्यासक, सोबत कार्ल बेकर आणि रिचर्ड मिनिक. त्यांनी कच्चा माल म्हणून नाळच निवडली. ही निवड फार हुशारीची होती, आणि तिची कारणं साधी होती. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. शीर चांगली रुंद असते, तिला फाटे नसतात. म्हणजे दोन्ही टोकं बंद केली की सरळ नळी हातात, कुठून गळती नाही. मानवी ऊती, तीही ताजी आणि निरोगी. आणि मिळायला मोफत, कारण बाळंतपणानंतर तिचं पुढे काही होत नाही, कचऱ्यातच जाते. आपल्याकडे नाळ पुरायची पद्धत होती, म्हणून तर माणूस आपल्या गावाबद्दल बोलताना नाळ तिथे पुरलीय म्हणतो. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात तिला कुणी वाली नव्हता.

पद्धत अशी. नाळ स्वच्छ करायची, शिरेत नळी घालून आतलं रक्त धुऊन काढायचं. मग आत कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम भरायचं. हे ट्रिप्सिनसारखं सरसकट तोडत नाही. अस्तर ज्या कोलॅजनच्या आधारावर बसलेलं असतं, तो आधार सैल करतं. ३७ अंश सेल्सियसला, म्हणजे शरीराच्या तापमानाला, १५ मिनिटं ठेवायचं आणि मग आतलं द्रव बाहेर काढायचं. बाहेर येतात त्या अस्तराच्या पेशी, बाकीची भिंत जागेवर. पेशी ताटलीत ठेवल्या, वासराच्या भ्रूणाचं सीरम घातलेलं खाद्य दिलं, की त्या तळाला चिकटतात, पसरतात, आणि काही दिवसांत एकमेकींना खेटून फरशीसारखा सलग एकेरी थर तयार होतो. ताटली भरली की भाताची रोपं उपटून दुसऱ्या वाफ्यात लावतात तसं त्यांना सोडवून नव्या ताटल्यांत लावायचं.

इथपर्यंत कुणीही म्हणेल, बरं, जमलं. पण माझ्या मते त्यांचं मोठेपण यापुढे आहे. त्यांच्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच पेशी वाढवल्याबरोबर त्या ओळखल्याचाही उल्लेख आहे. ओळख पटवण्यावर त्यांनी जिवापाड मेहनत घेतली.

पहिला पुरावा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा. १९६४ मध्ये एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पॅलाडे यांनी अस्तराच्या पेशींमध्ये काडीसारखे बारीक कण पाहिले होते. त्यांचं काम तेव्हा ठाऊक नव्हतं, पण शेजारच्या स्नायूपेशींत ते नसतात. जाफींच्या ताटलीतल्या पेशींमध्ये हे कण होते. दुसरा पुरावा, या पेशींवर त्या बाळाच्या रक्तगटाच्या खुणा सापडल्या. स्नायूच्या आणि जोडऊतीच्या पेशींवर त्या सापडल्या नाहीत. तिसरा पुरावा मात्र सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्यासाठी आपल्याला बाल्टिक समुद्रातल्या ओलांड बेटांवर जावं लागेल.

१९२० च्या दशकात तिथल्या एका कुटुंबातली पाच वर्षांची मुलगी फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आली होती. रक्तस्राव थांबायचाच नाही. हिमोफिलिया म्हणावा तर तो बहुतेक मुलग्यांना होतो, इथे घरातल्या बायका आजारी. १९२६ मध्ये त्यांनी या नव्या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. ती मुलगी पुढे वयात आली आणि पाळीच्या रक्तस्रावातच गेली. या आजारात जे प्रथिन कमी पडतं त्याला आज फॉन विलेब्रांड घटक म्हणतात. गुठळी धरायची वेळ आली की बिंबिकांना भिंतीशी चिकटवणारं हे प्रथिन. ते शरीरात बनतं कुठे, हा तेव्हा मोठा प्रश्न होता. १९७३ मध्येच जाफी, लिऑन हॉयर आणि नॅकमन यांनी दाखवलं की ताटलीतल्या अस्तराच्या पेशी ते स्वतः तयार करतात. स्नायूच्या आणि जोडऊतीच्या पेशींत ते दिसलं नाही. आणि वायबेल-पॅलाडेच्या त्या काड्या? १९८२ मध्ये डेनिसा वॅगनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे प्रथिन साठवायची कोठारं तीच आहेत.

म्हणजे एका दगडात दोन पक्षी. पेशीची ओळखही पटली आणि सेलोफेनचा समजही फुटला. जो थर नुसता गुळगुळीत कागद समजला जात होता, तो रक्त गोठवायचं सामान बनवून तयार ठेवत होता. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या मायकेल गिम्ब्रोन, रामझी कोट्रान आणि ज्यूडा फोकमन यांनीही नाळेच्या पेशी वाढवून दाखवल्या. आता ही एकाच प्रयोगशाळेची किमया राहिली नाही.

पुढे मग रांगच लागली. १९७७ मध्ये दिसलं की याच पेशी प्रोस्टासायक्लिन बनवतात, जे गुठळीला विरोध करतं. म्हणजे गुठळी धरायचं सामान आणि रोखायचं सामान एकाच दुकानात! १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांना प्राण्यांच्या धमनीच्या तुकड्यांवर काम करताना कळलं की आतलं अस्तर घासून गेलं की ॲसिटिलकोलीनने धमनी सैल होत नाही. अस्तर काहीतरी संदेश पाठवत होतं. काय ते? १९८७ मध्ये साल्वादोर मोन्काडा यांच्या इंग्लंडमधल्या गटाने डुकराच्या महाधमनीच्या अस्तराच्या पेशी बारीक मण्यांवर वाढवल्या, ते मणी नळीत भरले आणि त्यावरून झिरपलेलं द्रव अस्तर काढून टाकलेल्या धमनीच्या पट्ट्यांवर सोडलं. पट्ट्या सैल पडल्या. संदेश होता नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात ना, तेही शरीरात जाऊन हाच वायू देतं. या विषयाचं १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीड मुराद यांना मिळालं. मोन्काडा राहिले. यावर बरीच चर्चा झाली, आणि मलाही ते पटत नाही.

फोकमनबद्दल वेगळं लिहायला हवं. हा लहान मुलांचा सर्जन. अमेरिकन नौदलात असताना, कृत्रिम रक्ताच्या कामात, त्याने शरीराबाहेर जगवलेल्या ग्रंथींमध्ये कर्करोगाच्या गाठी लावल्या होत्या. त्या एक-दोन मिलिमीटर झाल्या की थांबायच्या. त्याच गाठी उंदरात घातल्या की भरमसाट वाढायच्या. फरक काय? उंदरात त्यांना नव्या रक्तवाहिन्या फुटत होत्या. १९७१ मध्ये त्याने मांडलं की गाठ आपल्याकडे वाहिन्या ओढून घेते, आणि ही ओढ तोडली तर गाठ उपाशी राहील. लोकांनी मनावर घेतलं नाही. सिद्ध करायचं तर केशवाहिनीच्या अस्तराच्या पेशी भांड्यात हव्यात, आणि त्या नाळेच्या पेशींपेक्षाही नाजूक. ते जमायला १९७९ उजाडलं. गाईच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या केशवाहिन्यांच्या पेशी त्याच्या गटाने दीर्घकाळ वाढवल्या, आणि १९८० मध्ये फोकमन आणि ख्रिश्चन हौडेनशिल्ड यांनी दाखवलं की रक्त नाही, शरीर नाही, तरी त्या ताटलीत आपोआप पोकळ नळ्या रचतात. या कामाला पैसा कुठून आला तर १९७४ मध्ये मोन्सँटो कंपनीने हार्वर्डशी केलेल्या सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरच्या करारातून. विद्यापीठाने कंपनीचा पैसा घ्यावा का, यावर तेव्हा अमेरिकेत वादळ झालं. आपल्याकडे हा वाद आता कुठे सुरू होतोय.

१९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी अस्तराच्या पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन वेगळं केलं, व्हीईजीएफ. कसोटी पुन्हा तीच, ताटलीतल्या अस्तराच्या पेशी वाढतात की नाही. त्याला अडवणारं ॲव्हास्टिन २००४ मध्ये अमेरिकेत कर्करोगावर मंजूर झालं. डायबेटिसमध्ये डोळ्याच्या पडद्यावर सूज आली की डॉक्टर जे इंजेक्शन डोळ्यात देतात, ते याच औषधाचं किंवा त्याच्या भाईबंदांचं असतं. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आईवडिलांनी ते घेतलं असेल.

आता या कथेतला वाईट भाग. त्यावर फार लिहिलं जात नाही.

नाळेच्या पेशी कटकटीच्या. काही वेळा विभागतात आणि मग म्हाताऱ्या होतात, हेफ्लिकचा नियम. पुन्हा नवी नाळ आणा, पुन्हा धुवा, पुन्हा सोडवा. प्रत्येक बाळाच्या पेशी थोड्या वेगळ्या, म्हणून आकडेही थोडे हलणारे. अशात १९९० मध्ये जपानमधून बातमी आली की नाळेच्या अस्तराच्या पेशी आपणहून अमर झाल्या आहेत. नाव ईसीव्ही३०४. हवी तेवढी वाढवा, थकत नाहीत. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्या घेतल्या आणि त्यांवर शेकडो शोधनिबंध निघाले. १९९९ मध्ये जर्मनीच्या पेशी-संग्रहातल्या विल्हेल्म डिर्क्स आणि सहकाऱ्यांनी डीएनए ठसे जुळवून पाहिले. ठसे जुळले टी२४ या पेशींशी, स्वीडनमधल्या एका बाईच्या मूत्राशयाच्या कर्करोगातून काढलेल्या पेशींशी. म्हणजे लोक रक्तवाहिनीचा म्हणून जो अभ्यास करत होते, तो मूत्राशयाच्या कॅन्सरचा होता.

हे होतं कसं? एकाच टेबलावर दोन प्रकारच्या पेशी हाताळल्या, एक थेंब इकडचा तिकडे गेला, की पुरे. कॅन्सरची पेशी भराभर वाढते, नाजूक पेशी हरते. पुन्हा तेच तण. हेन्रिएटा लॅक्स यांच्या १९५१ मधल्या हीला पेशींनी असेच कितीतरी नमुने गिळले होते आणि स्टॅन्ली गार्टलर यांनी ते १९६६ मध्येच दाखवलं होतं. धडा जुना होता. मला राग येतो तो वेगळ्या कारणाने. ईसीव्ही३०४ मध्ये फॉन विलेब्रांड प्रथिन सापडत नाही, ही तक्रार अनेकांनी नोंदवली होती. म्हणजे १९७३ चीच परीक्षा, पंचवीस वर्षं जुनी, आणि या पेशी तिच्यात नापास होत होत्या. पण काम सोपं होत होतं, निबंध निघत होते, मग कोण थांबतंय. खुलासा झाल्यावरही काही जण पुढची कित्येक वर्षं त्या पेशी अस्तराच्या म्हणून वापरत राहिले. त्या संशोधनावर लोकांच्या कराचा पैसा लागला होता. कितीतरी विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षंही त्यात गेली.

आपल्याकडे पुण्याला गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारा राष्ट्रीय संग्रह तिथेच आहे. बायोटेक शिकणारी पोरं ही पोस्ट वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगणं: ताटली शेजारच्या लॅबमधून मैत्रीखात्यात उचलून आणली असेल, तर कामाला लागण्याआधी तिचे डीएनए ठसे तपासून घ्या. गाईड कुरकुर करेल. करू दे.

आणखी एक राहिलं. हीला पेशींना निदान हेन्रिएटा लॅक्स यांचं नाव आहे, उशिरा का होईना त्यांच्या घरच्यांना न्याय मागता आला. नाळेच्या पेशींना कुणाचंच नाव नाही. त्या एका बाईच्या नाहीत, हजारो बायकांच्या आहेत, आणि सुरुवातीच्या काळात त्यांना विचारायची रीतच नव्हती, कारण कचऱ्याला कसली परवानगी? आज भारतात संशोधनासाठी नाळ घ्यायची तर नैतिकता समितीची मंजुरी आणि आईची लेखी संमती लागते. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्याबद्दल स्पष्ट आहेत. (कॉर्ड ब्लड बँकेच्या जाहिरातींशी याची गल्लत नको. तो नाळेतल्या रक्ताचा आणि पैसे भरून साठवायचा मामला आहे.)

दरम्यान काम पुढे गेलंय. लॉरा निक्लासन यांनी १९९९ मध्ये प्रयोगशाळेत डुकराच्या पेशींपासून धमनी वाढवून दाखवली होती. त्याच वाटेवर मानवी पेशींनी विणलेली आणि नंतर पेशी धुऊन काढलेली रक्तवाहिनी, सिमव्हेस, अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये हातापायाच्या गंभीर जखमांसाठी मंजूर झाली. मंजुरीआधी ती युक्रेनच्या युद्धातल्या जखमींनाही लावली गेली होती. नळी तयार मिळते, पण आतलं अस्तर तिच्यावर येतं ते रोग्याच्या स्वतःच्या पेशींचं, शरीरात गेल्यावर, हळूहळू.

आणि ताटलीतल्या अस्तराचं म्हणाल, तर नाळेच्या पेशी अजूनही काही फेऱ्यांनंतर म्हाताऱ्या होतात. आता त्या कंपन्यांकडून गोठवलेल्या कुप्यांत विकत मिळतात, महाग मिळतात. त्या कुपीतही शेवटी कुठल्या तरी प्रसूतिगृहातून आलेल्या नाळेच्याच पेशी असतात. ज्यांना कुपी परवडत नाही त्या प्रयोगशाळा आजही जवळच्या प्रसूतिगृहाला फोन करतात, नाळ थंड द्रावणात घालून आणतात, आणि कोलॅजिनेज भरून पंधरा मिनिटांचा गजर लावतात.